माकडहाडाची साक्ष



आपल्या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मला प्रथम वाटले की पत्ता चुकला असावा. या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, साहित्यिक येतात. मी सांगलीकडचा, कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझी शाळा आठवीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते हमालांच्या टोळीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री वाचनालयाचे दिवे मालवेपर्यंत. चालकांनी विचारले, "कामगार चळवळीवर बोलणार ना?" मी म्हणालो, "डार्विनवर बोलेन म्हणतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण कामगारांचा आणि डार्विनचा संबंध काय?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी आज उभा आहे.

साताऱ्याला मी परका नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे तुम्ही-आम्ही वाटणी झालेले भाऊबंद. हा भाऊबंद शब्द ध्यानात असू द्या. तो पुढे कामी येणार आहे.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक हमाल शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन एका गोदामाच्या फळीवरून चढत होता. फळी ओली होती. तो घसरला आणि बैठकीवर आदळला. मी त्याला मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडावर धरले. मला नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता, म्हणून मी विचारले, "डॉक्टरसाहेब, माणसाच्या पाठीने किती ओझे सोसावे याचा काही हिशेब आहे का?"

ते म्हणाले, "हा कणा मुळात ओझ्याखाली उभा राहण्यासाठी घडलेलाच नाही. चार पायांच्या जनावरात तो तुळईसारखा आडवा असतो. आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले तेव्हा त्या तुळईचा खांब झाला. पण खांब नवा नाही घडला. जुनी तुळईच उभी केली, थोडा बाक देऊन. म्हणून कंबर धरते, चकती सरकते. आणि हे खालचे मोडलेले हाड पाहा. याला तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "माकडहाड."

"शेपटीचा बुंधा आहे तो. आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक मुलाला लहानशी शेपटी असते, मग ती जिरते. उरतात ती ही चार-पाच मणक्यांची जुळलेली हाडे."

मी आजवर हजार वेळा माकडहाड म्हटले होते. त्या शब्दात काय दडले आहे याचा विचार कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी मी वाचनालयात गेलो आणि ग्रंथपालांना म्हणालो, "माणसाला शेपटी होती म्हणतात, त्याचे पुस्तक द्या." अशी माझी आणि डार्विनची ओळख झाली. दाव्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने हाताने उचलायच्या ओझ्याची शिफारस ५५ किलोपर्यंत केली आहे हे मला त्याच खटपटीत कळले, आणि पन्नास किलोच्या पोत्याची मागणी करताना मला नुसती दया मागावी लागली नाही. माझ्या हाती कण्याचा इतिहास होता.

आता डार्विनने सांगितले तरी काय? आपल्याकडच्याच गोष्टी घेऊ. माणदेशची खिल्लार जनावरे आपण पाहिली आहेत. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत जातिवंत खोंड पाहायला माणसे कोसाकोसांवरून येतात. ती उंच, सडपातळ, पांढरीशुभ्र जात कोणी आकाशातून आणून सोडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी चपळ खोंड निवडला, तोच वळू ठेवला, बाकीचे बाजूला केले. जत तालुक्यातील माडग्याळचे बाकदार नाकाचे मेंढरू धनगरांनी असेच निवडून निवडून घडवले. तासगावकडची द्राक्षे घ्या. थॉमसन सीडलेस ही परदेशातून आलेली जात. एखाद्या वेलीवर कधीमधी एखादी काडी वेगळी निघते. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी अशी एक निवड केली, तीच पुढे तास-ए-गणेश म्हणून नावारूपाला आली. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची सोनाका अशीच निवडली. या माणसांनी नवा जीव निर्माण केला नाही. निसर्गात जो फरक आपोआप पडला तो ओळखला आणि जतन केला.

डार्विनचे म्हणणे एवढेच, की जे काम धनगर आणि शेतकरी करतो तेच काम निसर्ग करतो. फरक इतकाच की निसर्गाला मनात कसलाही नमुना धरावा लागत नाही. प्रत्येक पिढीत पिलापिलात थोडा फरक असतो. जन्मतात पुष्कळ, जगतात थोडी. ज्यांचा फरक त्या जागी, त्या हवेत, त्या अन्नात उपयोगी पडतो ती जगून आपली पिढी मागे ठेवतात. असे लाखो पिढ्या चालले की जात बदलते, एका जातीच्या दोन होतात. आणि त्यासाठी लागणारा काळ? अजिंक्यताऱ्याचा कडा पाहा. सह्याद्रीच्या अंगावर एकावर एक पायऱ्या दिसतात ना? त्या लाव्हाच्या थरांच्या आहेत, आणि ते थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आपण ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी बसलो आहोत तो दगडच सांगतो की काळाची तूट नाही.

डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजातून फिरला आणि त्याने आपला ग्रंथ १८५९ साली छापला. पण त्याच्या आधी वर्षभर, १८५८ साली, तोच विचार दुसऱ्या एका माणसाने स्वतंत्रपणे मांडून त्याच्याकडे पाठवला होता. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. हा वॉलेस चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून जमीन मोजणीच्या कामाला लागला आणि कामगारांसाठी चालणाऱ्या संस्थांतील व्याख्याने ऐकून शिकला. दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये एकाच सभेत वाचले गेले. पुढे १८६२ साली थॉमस हक्सले या विद्वानाने या विषयावर मुद्दाम लंडनच्या कामगारांपुढे सहा व्याख्याने दिली. तेव्हा कामगारांचा डार्विनशी संबंध काय असे विचारणाऱ्यांना मी नम्रपणे सांगतो, हा संबंध पहिल्या चार वर्षांतच जुळला होता, आणि तो व्याख्यानमालेतच जुळला होता.

या विचाराला विरोधही लगेच झाला. १८६० साली ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्सले यांची खडाजंगी झाली. अमेरिकेत १९२५ साली टेनेसी राज्यात स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड ठोठावला गेला. तो कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. पुढे तिकडच्या सृष्टिवाद्यांनी देवाचे नाव न घेता 'बुद्धिमान रचना' असे नवे नाव काढले. २००५ साली पेनसिल्व्हेनियात न्यायालयाने निकाल दिला की हे विज्ञान नव्हे, धर्ममतच आहे. आपण म्हणतो, हे ख्रिस्ती लोकांचे भांडण. सहा दिवसांत जग निर्माण झाले की नाही याच्याशी आपल्याला काय करायचे आहे?

बंधूंनो, तसे राहिले नाही. २०१८ च्या जानेवारी महिन्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे आणि तो शाळा-महाविद्यालयांतून बदलला पाहिजे. कारण काय? तर माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. आपल्या पूर्वजांनी तसे लिहून किंवा सांगून ठेवले नाही. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी काही दिवसांतच संयुक्त पत्रक काढून हे मत निराधार असल्याचे सांगितले. मंत्र्यांचे वरिष्ठ, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीही अशी विधाने टाळण्याची समज त्यांना दिल्याचे जाहीर केले. प्रकरण मिटले असे वाटले.

मला त्या वेळी राग आला नाही, आश्चर्य वाटले. कारण हे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पोलिसाने असे म्हणावे? खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून किती गुन्हेगार सुटतात? पायाचा ठसा असतो, रक्ताचा डाग असतो, वेळेचा मेळ असतो. मी कामगार न्यायालयात उमेदवारी केली आहे. यंत्रात बोट गेले तेव्हा पाहणारा कोणी नसतो. पण यंत्राच्या पात्यावरचा डाग, हजेरीची वेळ आणि तुटलेले बोट एकत्र ठेवले की काय घडले ते उभे राहते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार खोटे बोलू शकतो, विसरू शकतो. हाड खोटे बोलत नाही.

आणि साक्षी किती आहेत! देवमासा पाण्यात राहतो पण हवेत श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत असा तर्क होता. कच्छच्या खडकांत जुन्या देवमाशांचे सांगाडे मिळाले. काश्मीरच्या बाजूला काळाकोट भागातील खडक रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाने गोळा करून ठेवले होते. त्यांतून इंडोहायस नावाचा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा खुरांचा प्राणी निघाला आणि २००७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोयनेच्या जंगलात पिसोरी असते, साधारण त्या चणीचा हा प्राणी. आणि त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या धाटणीचे! हा पुरावा विलायतेतून नव्हे, आपल्याच देशाच्या मातीतून आला.

दुसरी साक्ष आपल्या पेशींत आहे. वानरकुळातील मोठ्या जातींना, म्हणजे चिंपांझी, गोरिला वगैरेंना, गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसाला २३. मग एक जोडी गेली कुठे? शोधल्यावर कळले की माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र म्हणजे त्यांच्याकडची दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झालेले एक आहे. जोड दिलेली जागा अजून ओळखू येते, जशी जोडलेल्या दोराची गाठ ओळखू येते.

इथे तो भाऊबंद शब्द आठवा. लोक विचारतात, माकडापासून माणूस झाला तर अजून माकडे का आहेत? माझ्या चुलतभावाकडे बोट दाखवून कोणी म्हणाले, "तू याच्यापासून झालास, मग हा अजून कसा?" तर आपण हसू. मी चुलत्याच्या मुलापासून झालो नाही. आमचा आजा एक होता, पुढे वाटण्या झाल्या. चिंपांझी आपला बाप नव्हे, भाऊबंद आहे; आणि ती वाटणी होऊन साठ-सत्तर लाख वर्षे लोटली. डार्विनने एवढेच सांगितले की सगळ्या जिवांचे कुळ एक आहे.

आता आपल्याकडचा आणखी एक आक्षेप. काही सुशिक्षित मंडळी विरोध करत नाहीत, उलट मान डोलावतात. ती म्हणतात, "यात नवे काय? आमच्या दशावतारात मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नरसिंह, मग वामन असा क्रम आहेच." ऐकायला हे गोड वाटते. मत्स्यावतार आणि वराहावतार मीही कीर्तनात ऐकले आहेत आणि मला ते आवडतात. पण कथा ती कथा. वराहाचा कोणी नरसिंह झाला असे पुराण म्हणत नाही. प्रत्येक वेळी देव वरून येतो. उत्क्रांतीत कोणी वरून येत नाही. शिवाय शास्त्राला पुरावा लागतो, चुकले तर दुरुस्त करावे लागते. दशावतार चुकला असे म्हणायची मुभा कीर्तनकार देईल का? मग दोन्ही गोष्टींचा मान राखायचा तर त्यांची गल्लत करू नये.

खरे म्हणजे आपल्या देशातला सृष्टीचा वाद सहा दिवसांचा नव्हेच. तो आहे मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांचा. पुरुषसूक्तात आणि पुढे मनुस्मृतीत सांगितले आहे की विराट पुरुषाच्या, ब्रह्म्याच्या, मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र झाले. ही आपली सृष्टीची कथा, आणि तिच्यावर हजारो वर्षे माणसांच्या जागा ठरल्या. पोते कोणी वाहायचे हे या कथेने ठरवले. तिच्याविरुद्ध मराठीत पहिला जोरदार आवाज उठवला तो जोतीराव फुल्यांनी, आणि त्यांचे मूळ घराणे या साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. १८७३ साली 'गुलामगिरी' निघाली. तीत ब्रह्म्याच्या मुखातून माणूस कसा जन्मला असे सरळ, रोखठोक प्रश्न विचारलेले आहेत. डार्विनचा माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ त्याच्या दोनच वर्षे आधीचा, १८७१ सालचा. एकाने हाडे पाहिली, दुसऱ्याने माणसाचा अपमान पाहिला. आणि दोघे एकाच ठिकाणी आले. माणसामाणसांत जन्माचा भेद नाही. ए, बी, ओ हे रक्तगट सर्व जातींत सापडतात. इतकेच काय, ते वानरकुळातल्या भाऊबंदांतही सापडतात. आजच्या साऱ्या मानवजातीचे मूळ आफ्रिकेत आहे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. मुखातून कोणी आला नाही आणि पायातून कोणी आला नाही. सगळे एका घरून निघाले.

याच भूमीत कऱ्हाडजवळ टेंभूला गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आज टेंभू म्हटले की आमच्या आटपाडी-खानापूरकडच्या माणसाला पाण्याची योजना आठवते. त्याच गावच्या या दरिद्री मुलाने मिल आणि स्पेन्सर वाचून सांगितले की रूढी जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही. आणि याच शहरात नरेंद्र दाभोलकर राहत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दीड वर्षाने कोल्हापूरला आमच्या कामगारांचे वकील गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले. विचार मांडणे हे आपल्या भागात स्वस्त काम राहिलेले नाही, एवढेच मी म्हणतो.

मग देवाचे काय? माझी आई माळकरी होती. मी डार्विन वाचतो हे कळल्यावर तिने विचारले, "त्यात पांडुरंग आहे का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "भाकरीच्या पिठातबी न्हाई दिसत. म्हणून काय भाकरी खायची न्हाई?" तिचे उत्तर मी जन्मभर जपले. जोतीरावही निर्मिक मानत होते. पण त्यांचा निर्मिक कोणाला मुखातून आणि कोणाला पायातून काढत नव्हता. मिरजेला ज्यांनी रुग्णालय वाढवले ते डॉ. वानलेस तर ख्रिस्ती मिशनरी होते. ज्याला देव मानायचा त्याने मानावा. फक्त देवाच्या नावाने हाडाची साक्ष दाबू नये.

आमच्या बाजूच्या काही मंडळींचा डार्विनवर वेगळाच राग असतो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. एकदा पगारवाढीच्या वाटाघाटीत एक मालक मला म्हणाले, "अहो, बळी तो कान पिळी. निसर्गाचाच नियम आहे हा. तुमचा डार्विन सांगतो." मी त्यांना सांगितले, "जो टिकायला लायक तो टिकतो हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे, स्पेन्सरचा, १८६४ सालचा. डार्विनने तो पुढे उसना घेतला. आणि लायक म्हणजे बलदंड नव्हे. त्या जागी जुळणारा." गुलामगिरीवरून बीगलच्या कप्तानाशी भांडणारा हा माणूस पिळवणुकीचा वकील कसा ठरेल? या नावाखाली पुढे अनेक देशांत दुबळ्यांवर अत्याचार झाले हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण दगड खाली पडतो हे सांगणारा माणूस दुसऱ्याला कड्यावरून ढकला असे सांगत नाही. निसर्गात काय घडते ते शास्त्र सांगते. आपण कसे वागायचे ते आपण ठरवायचे. शिवाय क्रोपोटकिन या रशियन विद्वानाने १९०२ साली दाखवून दिले की परस्परसाहाय्य हेही टिकण्याचे मोठे साधन आहे. आमच्या टोळीत एक जण आजारी पडला तर त्याचा वाटा काढून ठेवतात. हमाल टिकला तो त्यामुळे. एकट्याच्या पाठीच्या बळावर तो टिकला नसता.

आता शेवटच्या आणि माझ्या दृष्टीने मुख्य गोष्टीकडे येतो.

२०२३ साली केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचे नाव नुसते 'आनुवंशिकता' राहिले. देशभरच्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. खुलासा असा आला की मुलांवरचे ओझे कमी करायचे आहे, आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता, याचा मला अभिमान वाटतो.

ओझे कमी करा ही आमचीच मागणी हो! आयुष्य गेले ती करण्यात. पण पाठीवरचे पोते हलके करणे वेगळे आणि पोराच्या हातातली शिदोरी काढून घेणे वेगळे. बारावीत जीवशास्त्र कोण घेतो? ज्याला डॉक्टर व्हायचे आहे तो. हमालाचा, ऊसतोड्याचा, यंत्रमागावरच्या कामगाराचा मुलगा दहावीनंतर आयटीआयला जातो, दुकानात लागतो, नाहीतर कोयता घेतो. मुलीचे लग्न ठरते. त्यांची आणि शास्त्राची शेवटची भेट दहावीच्या वर्गात होते. तिथे जे मिळाले नाही ते त्यांना पुन्हा कोणी देणार नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली ती याच मुलांसाठी. चांगला माल वरच्या मजल्यावर ठेवायचा आणि जिना दहाव्या पायरीवर तोडायचा, हा न्याय कोणता?

आपण म्हणाल, हमालाच्या मुलाला उत्क्रांती कळली नाही म्हणून त्याचे अडले कुठे? कुठे अडते ते मला ठाऊक आहे. ही गोष्ट मी जाहीर सभेत आजवर सांगितलेली नाही.

त्या माकडहाडाच्या प्रसंगाच्या चार-पाच वर्षे आधी मी टोळीचा नवा मुकादम होतो. आमच्यातल्या एकाला क्षय झाला. औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरले. हंगामाचे दिवस होते, माणसे कमी होती. डॉक्टरांनी औषध सहा महिने सांगितले होते. त्यासाठी त्याला दर खेपेस खाडा करून जावे लागे. मी त्याला म्हणालो, "बरं वाटतंय ना? मग कशाला रोज बुडवतोस? ये कामावर." तो माझा शब्द मोडणारा नव्हता. आला. वर्षाच्या आत खोकला परत आला, आणि या वेळी तीच औषधे लागू पडेनात. तो गेला. मागे बायको आणि दोन मुली. मला वाटले, नशीब.

वाचनालयात डार्विन वाचताना एका रात्री माझ्या ध्यानात आले की ते नशीब नव्हते. त्याच्या छातीत कोट्यवधी जंतू होते. त्यांच्यातही फरक होता. औषधाने दुबळे जंतू आधी मेले. जे थोडे चिवट होते ते मागे राहिले. त्या घडीला औषध बंद झाले आणि रान मोकळे मिळाले ते त्या चिवटांना. त्यांचीच पिढी वाढली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध निघाले तेव्हा, १९४० नंतरच्या दशकातच, डॉक्टरांनी हे पाहिले होते, आणि म्हणून तर ते तीन-चार औषधे एकदम आणि पुरी मुदत देतात. धनगराने माडग्याळचे मेंढरू निवडावे तसे मी, अजाणता, त्या माणसाच्या छातीत मरणाचे बी निवडले. कोणी पाहिले नाही म्हणणाऱ्यांना मी सांगतो, उत्क्रांती मी पाहिली आहे. एका वर्षात पाहिली आहे आणि तिला खांदा दिला आहे.

मला कोणी ते शिकवले नव्हते. माझी शाळा आठवीत सुटली, ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, गरिबीमुळे. पण जाणूनबुजून एखाद्या मुलाला त्या धड्यापासून दूर ठेवले आणि उद्या तो मुकादम झाला, तर त्याच्या हातून जे घडेल त्याचा जाब कोणाला विचारायचा?

तेव्हा माझी आपल्याला विनंती मोठी नाही. आपण या मंडपात येता म्हणजे आपण वाचणारी, ऐकणारी माणसे आहात. आपल्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी दहावीचे मूल असेल. त्याचे विज्ञानाचे पुस्तक एकदा उघडून पाहा. धडा असेल तर तो शाळेत शिकवला जातो का ते विचारा. नसेल तर स्वतः सांगा. साहित्य फारसे लागत नाही. अजिंक्यताऱ्याचा कडा समोर आहे. द्राक्षाचा घड बाजारात आहे. आणि माकडहाड, बंधुभगिनींनो, ज्याच्या त्याच्यापाशी आहे. आपण सर्व जण या घटकेला त्याच्यावरच बसला आहात.